तंबू कुठे लावायचा? पुण्या-मुंबईजवळच्या एका रात्रीच्या मुक्कामासाठी

डिसेंबरातली संध्याकाळ. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनवाडीच्या अलीकडे आम्ही तंबू उलगडत होतो. समोर पाणी, पाण्यात डोंगरांच्या सावल्या, पायाखाली सारवल्यासारखी सपाट, घट्ट माती. यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार? तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी वाटेवर थांबल्या. "इथं नका लावू रं पोरांनो. पहाटं म्हशी याच वाटंनं पाण्यावर जात्यात." आम्ही सामान उचललं आणि शंभरेक पावलं वर, कापणी झालेल्या भातखाचरात गेलो. खाचर त्यांच्याच दिराचं होतं. पहाटे साडेपाचच्या सुमारास घंटा वाजायला लागल्या. तंबूची चेन उघडून पाहिलं, तर धुक्यातून एकामागून एक पंधरा-वीस म्हशी उतरत होत्या, बरोब्बर आमच्या आधीच्या जागेवरून. ती माती इतकी सपाट कशी झाली होती, ते तेव्हा कळलं.

पहिल्यांदा तंबूत राहायला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: बघायची जागा वेगळी आणि झोपायची जागा वेगळी. फोटोत दिसते ती बघायची जागा. तिथे चहा घेऊन बसा, सूर्यास्त बघा, हवं तितकं रेंगाळा. झोपायची जागा मात्र त्यापासून थोडी मागे, थोडी वर, थोडी आडोशाला असते आणि ती पायांनी शोधावी लागते. ती कशी शोधायची, ते क्रमाने सांगते.

आधी महिना ठरवा

जागेच्या आधी महिना, कारण सह्याद्रीत एकाच जागेची तीन रूपं असतात आणि त्यातलं एकच नवख्या माणसाच्या कामाचं असतं. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी हा काळ धरा. परतीचा पाऊस गेलेला असतो, गवत अजून उभं असतं, धरणं भरलेली असतात. नोव्हेंबरपासून भातकापणी होऊन खाचरं मोकळी होतात. थंडी असते, पण ती अंगावर घेता येते.

जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर तंबू लावू नका. घाटघर, ताम्हिणी, लोणावळा ही राज्यातली सर्वाधिक पावसाची ठिकाणं. तिथे पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही, जमीन पाणी पिऊन पिऊन तुडुंब होते, दरडी सुटतात. त्या दिवसांत जायचंच असेल तर गावात एखाद्या घरी उतरा. कौलांवरचा पाऊस ऐकत चुलीजवळ बसण्यातही मोठं सुख आहे.

मार्च ते मे दुपारी ऊन भाजून काढतं, गडांवरची टाकी आटतात, वाळल्या गवताला वणवा लागायला एक ठिणगी पुरते. त्यात वळीव. निरभ्र दुपारी चार वाजता ढग येतात आणि अर्ध्या तासात वारा तंबू उपटून नेतो.

मे अखेर ते पाऊस स्थिरावेपर्यंतचे दोन-तीन आठवडे मात्र काजव्यांचे. भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी अख्खी झाडं लुकलुकतात. तेव्हाही मुक्काम छपराखालीच करा. झाडाखाली बॅटरी मारू नका आणि झाडाखालच्या गवतात शिरू नका. काजव्यांच्या माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात, आणि पायाखाली जातात त्या पुढच्या वर्षीच्या काजव्यांसकट जातात.

चार वाजता पोचता येईल तेवढंच अंतर

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. पश्चिमेला डोंगर असेल तर पाचलाच सावली पडते. जागा शोधायला, गावात बोलायला, तंबू उभा करायला मिळून दोन तास लागतात. म्हणून दुपारी चारला पोचता येईल तेवढंच लांब जा. शनिवारी सकाळी ऑफिसचं काम आटोपून बाराला निघणार असाल, तर पुणेकरांना पवना, मुळशी, भोर-वेल्हे ठीक. भंडारदऱ्यासाठी पुण्याहून किंवा मुंबईहून भल्या सकाळी निघायला हवं. नाशिककरांना मात्र भंडारदरा घरच्यासारखं, ७० किलोमीटरच्या आसपास.

अंधारात पोचून मोबाइलच्या उजेडात तंबू लावणारे लोक मी दर हिवाळ्यात बघते. उजेडाच्या त्या गोलात फक्त पाच फूट जमीन दिसते. वरची सुकी फांदी दिसत नाही, शेजारचा ओढा दिसत नाही, गुरांची वाट दिसत नाही.

पहिल्या वेळेला कुठे?

पवना. मावळातल्या या धरणाच्या भोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चार किल्ले आहेत, पाणी शांत आहे, रस्ता चांगला आहे. तंबू, गादी, जेवण सगळं तिथेच भाड्याने मिळतं, त्यामुळे घरात एकही सामान नसलेल्यांनाही जाता येतं. लहान मुलं बरोबर असतील, तर पहिल्या वेळेला हेच बरं. अडचण एकच, ती म्हणजे शनिवारची रात्र. काठाला लागून तंबूंच्या रांगा, प्रत्येक रांगेचं वेगळं गाणं. रविवारी जाऊन सोमवारी सकाळी परतता आलं, किंवा मधल्या वारी सुट्टी काढता आली, तर तीच पवना ओळखू येत नाही. पाण्यावर टिटवी ओरडते ती ऐकू येते.

भंडारदरा माझ्या सगळ्यात जवळचं. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या मागचा आर्थर जलाशय डोंगरांच्या बेचक्यांत खूप आतपर्यंत शिरला आहे. त्यामुळे काठ लांबलचक आणि वळणावळणाचा आहे, आणि गर्दीपासून दूर जायला जागा आहे. धरणाच्या भिंतीजवळचे तंबू सोडून रतनवाडीकडे जा. तिथे अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, मागे रतनगड. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्या आणि तंबू कुठे चालतो, कुठे नाही, हे तिथेच विचारून घ्या.

साताऱ्याच्या बाजूला बामणोली आणि शेंबडी. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी, पलीकडे गर्द जंगल. बामणोलीहून वासोट्याला होडीने जाता येतं, पण वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. हा प्रकल्प २०१० साली झाला. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. तंबू अलीकडच्या काठावरच, गावाजवळ. वाटेत कासचं पठार लागेल. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, मातीचा थर बोटभर असतो आणि सगळं फुलणं त्यावर चालतं. तिथे तंबू तर नाहीच, वाट सोडून पायही टाकू नका.

राजमाची लोणावळ्याकडून चालत गाठायची, म्हणजे चालायची सवय असलेल्यांनी. गडाखालच्या उधेवाडीत जेवणाची सोय होते, अंगणात तंबू लावू देतात. पायथ्याशी माणसांची वस्ती असलेला मुक्काम नवख्यांसाठी नेहमीच उत्तम.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पहिल्या मुक्कामासाठी निवडू नका. मला तो फार प्रिय आहे, म्हणूनच सांगते. १४२४ मीटर उंची, पाठीवर ओझं घेऊन चढण, रात्री कड्यावरून वर येणारा वारा, आणि अंधारात लघवीला उठलेल्या माणसाला कड्याची कडा दिसत नाही. दोन-तीन मुक्काम पदरी पडले की जा, आणि तंबू कड्यापासून लांब, देवळाच्या बाजूला सरकून लावा.

फोनवर काय विचारायचं

तयार तंबूंची सोय घेणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी फोन करा. "लोकेशन कसं आहे?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. असं विचारा: दादा, किती तंबू आहेत आणि संडास किती? तंबू पाण्यापासून किती पावलांवर? रात्री दहानंतर साउंड बंद होतो का? (दहा ते सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, तो कायदाच आहे.) रात्री तुमचा माणूस तिथे झोपतो का? होडी असेल तर लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळतं का? राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं, त्याखाली नोंदणी केली आहे का, हेही विचारा. ज्याची सोय चांगली असते तो अशा प्रश्नांना न वैतागता, मोकळेपणाने उत्तरं देतो. टाळाटाळ झाली तर दुसरा फोन लावा.

पवनेच्या बाजूला एका ठिकाणी मी हे काहीच विचारलं नव्हतं. तंबू पाण्यापासून दहा पावलांवर, खोलगट जागेत होते. फोटोत अप्रतिम दिसले. रात्री दोन वाजता तंबूच्या आतल्या कापडावरून थेंब पडायला लागले, पांघरूण ओलं, माझा मुलगा कुडकुडत उठून बसला. बाकीची रात्र आम्ही गाडीत काढली. दोष नशिबाचा नव्हता, जागेचा होता. कसा, तेच पुढे.

जागेवर पोचल्यावर

सामान गाडीतच ठेवा आणि आधी वीस मिनिटं नुसतं फिरा.

पहिल्यांदा पाण्याची रेघ शोधा. प्रत्येक धरणाच्या उतारावर एक रेघ दिसते. तिच्याखाली उघडी माती किंवा नुसतं गवत, आणि तिच्यावर झुडपं सुरू होतात. ती धरण पूर्ण भरल्यावरची पातळी. खालची जमीन सहसा जलसंपदा विभागाची असते. पाणी ओसरलं की तिथे गाळपेर होते, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर लोक हरभरा, भाजी घेतात. तंबू त्या रेघेच्या वर लावा. वर माती कोरडी असते, डास कमी असतात, कुणाचं पीक तुडवलं जात नाही.

मग खोलगटपणा बघा. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खळग्यात साठते. पाण्याजवळच्या खळग्यात थंडी आणि दमटपणा दोन्ही मिळतं, वरून तुमच्या श्वासाची वाफ. ती सगळी तंबूच्या थंड कापडावर जमते आणि टपकते. आमच्यासोबत झालं ते हेच. खळग्यापेक्षा पंधरा-वीस फूट उंचावर गेलात तरी फरक कळतो. तंबूच्या जाळीच्या खिडक्या थंडी असली तरी थोड्या उघड्या ठेवा. बंद तंबू उबदार वाटतो, पण पहाटेपर्यंत ओला होतो.

उलट अगदी टेकाडाच्या माथ्यावरही नको, तिथे वारा झोपू देत नाही. माथ्याच्या थोडं खाली, एखाद्या बांधाच्या किंवा करवंदीच्या जाळीच्या आडोशाला. तंबूचं दार वाऱ्याकडे पाठ करून. दिवसा वारा पाण्याकडून येत असेल तर रात्री बहुधा डोंगराकडून फिरतो, हे लक्षात घेऊन दार ठरवा.

ओढा कोरडा असला तरी त्याच्या पात्रात नाही. वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी तुमच्या डोक्यावर थेंब न पडताही खाली येतं. साम्रदजवळची सांधण दरी बघायला जाल, तर हे आणखी लक्षात ठेवा.

आता वर बघा. सुकी फांदी डोक्यावर नको. कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर तिथून लांब जा आणि त्या बाजूला धूर जाऊ देऊ नका. धुराने चवताळलेलं मोहोळ माणसाच्या जिवावर उठतं. मोकळ्या माळावरचं एकुलतं एक झाड ढगाळ हवेत टाळा, वीज तिथेच पडते.

शेवटी जमीन. सतरंजी टाकून चक्क आडवे व्हा, दोन मिनिटं. उभ्याने सपाट वाटणारी जमीन आडवं झाल्यावर उतार दाखवते. थोडा उतार असेल तर डोकं वरच्या बाजूला. एक खुंटी ठोकून बघा. मुरमाड जमिनीत ती घट्ट बसते, कातळावर बसतच नाही, तिथे दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्या लागतात. माझी सगळ्यात आवडती जमीन म्हणजे कापणीनंतरचं भातखाचर. सपाट, बांधाचा आडोसा, गाव हाकेच्या अंतरावर. मालकाने दिले तर पेंढ्याचे चार भारे तंबूखाली पसरा, गादीपेक्षा गाढ झोप लागते. अर्थात पेंढ्याजवळ आग अजिबात नाही, आणि सकाळी भारे बांधून जिथले तिथे.

पूर्वेला मोकळं आहे का, हेही बघून ठेवा. डिसेंबरात सातला सूर्य उगवतो, पण समोर डोंगर असला तर ऊन नऊशिवाय येत नाही आणि ओला तंबू तसाच गुंडाळावा लागतो.

गावात विचारल्याशिवाय नाही

सह्याद्रीत बेवारस जमीन जवळजवळ नाही. ती कुणाच्या तरी मालकीची, गावाच्या गायरानातली, वनखात्याची किंवा देवाची असते. दाट, जुन्या झाडांचा पुंजका आणि आत शेंदूर लावलेला दगड दिसला तर ती देवराई. तिथे मुक्काम नाही, काटकीही उचलायची नाही.

पहिल्या घरासमोर थांबा. "राम राम मामा, एक रात्र तंबू लावायचा होता, कुठे चालेल?" एवढं पुरतं. जमीन कुणाची ते कळतं, पाणी कुठून आणायचं ते कळतं, आणि रात्री गावाला माहीत असतं की त्या तिथे चार माणसं आहेत. जेवण त्यांच्याकडेच सांगा. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. पैसे आधी विचारून ठरवा, म्हणजे कुणालाच संकोच नको, आणि पुढच्यांसाठी दर पाडू नका.

मुळशीच्या काठावर बसाल तेव्हा आठवा की त्या पाण्याखाली गावं आणि भाताची शेतं गेली आहेत. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या पुढाकारात धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. जे पाणी आपण बघायला जातो, ते अनेक ठिकाणी असंच कुणाच्या तरी शेतावर उभं आहे. तिथल्या माणसाने "इथं नको" म्हटलं, तर वाद घालायचा नाही.

आणि पाण्यात उतरू नका. धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. दोन पावलांवर गाळ, तिसऱ्यावर जुना बांध, चौथ्यावर तळ लागत नाही. पोहता येणारेच तिथे जास्त बुडतात, कारण तेच आत जातात.

रात्र

माणशी चार ते पाच लिटर पाणी घरून न्या. टाक्यातलं पाणी उकळूनच प्या. शेकोटी करायचीच असेल तर जिथे परवानगी आहे तिथे, आधीच्या राखेच्या जागी, तंबूपासून लांब, आणि झोपताना पाणी ओतून हात लावून थंड झाल्याची खात्री करा. अभयारण्यात शेकोटी नाहीच. निखाऱ्यांची शेगडी तंबूत कधीही घेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही.

बूट तंबूच्या आत ठेवा, घालताना उलटे करून झटका. इंगळीला, म्हणजे मोठ्या विंचवाला, बुटाचं टोक आवडतं. चेन पूर्ण लावून झोपा, कारण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिच्या दंशाला फारसं दुखतही नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. साप चावल्याची शंका जरी आली, तरी कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. माणसाला शांत ठेवायचं, चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखान्याकडे निघायचं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आणि फोनला रेंज कुठे येते, हे उजेडातच बघून ठेवा.

एवढं झालं की दिवे विझवा. चंद्र बघून तारीख निवडली असेल तर आता त्याचं फळ मिळतं. पौर्णिमेला पाणी चांदीचं होतं, डोंगर स्पष्ट दिसतात, लहान मुलांना भीती वाटत नाही. अमावास्येच्या आसपास चांदण्या. डिसेंबरात रात्री नऊला पूर्वेकडे मृग वर आलेला असतो, त्याच्या खाली व्याध, वर कृत्तिकांचा झुबका. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. मध्यरात्रीनंतर अर्धा तास उताणं पडून राहिलं तरी पुष्कळ उल्का दिसतात. शहराचा उजेड क्षितिजावर कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि त्याच्याकडे पाठ करून बसा.

निघताना

तंबू उलटा करून उन्हात टाका, बूड पूर्ण वाळू द्या. संडाससाठी खणलेला खड्डा वीतभर खोल आणि पाण्यापासून शंभर पावलं लांब हवा, तो बुजवून दगड ठेवा. कचरा गावाच्या कुंडीत टाकू नका. तिथून तो कुठेच जात नाही, घरी आणा.

आणि एक वही ठेवा. माझ्या वहीत त्या सकाळी लिहिलेलं असं आहे: रतनवाडीच्या अलीकडे, मावशींच्या दिराचं खाचर. वारा रात्री नऊनंतर डोंगराकडून. दार पाण्याकडे ठेवलं, बरोबर ठरलं. पहिलं ऊन साडेसातला. दव पुष्कळ, पण आत कोरडं. म्हशी साडेपाचला, खालच्या वाटेने.